मरणाबद्दल बोलायची चार साधनं: उघडतं सगळ्यांनी, मिटतं एकानेच

"तुला मृत्यूबद्दल काय वाटतं?" असं वीस वर्षांच्या मुलाला विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "काही नाही". दुसरं म्हणजे कुठल्या तरी कीर्तनात किंवा रीलमध्ये ऐकलेलं वाक्य. दोन्ही उत्तरं खोटी नसतात, पण ती त्याची स्वतःचीही नसतात. घरात हा विषय निघाला की "शुभ बोल रे" म्हणून बंद केला जातो. त्यामुळे शब्द आयते असतात आणि त्यांच्या मागे काय आहे ते चाचपायची सवय नसते. अभिव्यक्ती-उपचार, म्हणजे चित्र, माती, लेखन, हालचाल यांतून मनातलं बाहेर येऊ देणं, इथे उपयोगी पडतो तो एवढ्याचसाठी: हात कामाला लागले की तोंडातली आयती वाक्यं गळून पडतात.

कॉलेजचे समुपदेशक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि युवा शिबिरं घेणारे यांना सहज मिळतील अशी चार साधनं इथे तपासली आहेत: 'गो विश' पत्ते, 'बिफोर आय डाय' भिंत, डेथ कॅफे आणि शाडूची माती. विषय किती सहज उघडतो, मधल्या वेळात गट सावरला जातो का, आणि शेवटी उघडलेलं मिटतं कसं, या तीन गोष्टी पाहिल्या. पहिल्या गोष्टीत चौघंही पास. तिसरीकडे फारसं कुणी बघत नाही आणि बिघडतं ते बहुतेक तिथेच.

'गो विश' हा ३६ पत्त्यांचा संच कॅलिफोर्नियातल्या कोडा अलायन्स या संस्थेचा. आयुष्याच्या अखेरीस काय महत्त्वाचं वाटेल ते एकेका पत्त्यावर एका ओळीत असतं: वेदना नसाव्यात, यंत्रांना जोडलेलं नसावं, एकट्याने मरू नये, कुणाचा तरी स्पर्श असावा, विनोदबुद्धी शाबूत राहावी. एक पत्ता कोरा, स्वतःच्या इच्छेसाठी. पत्त्यांचे तीन गठ्ठे करायचे: फार महत्त्वाचं, थोडंफार, बिनमहत्त्वाचं. मग पहिल्या गठ्ठ्यातून दहा निवडून क्रम लावायचा. एकट्याने अर्धा तास पुरतो. जोडीने खेळलात तर मजा वेगळी. तुमचे दहा तुम्ही लावायचे, तुमचे दहा कोणते असतील ते समोरच्याने लावायचं, मग दोन्ही रांगा शेजारी मांडायच्या. जिवलग मित्राच्या दहातले तीन-चारच जुळले की जी शांतता पसरते, ती हजार प्रश्नांनी आणता येत नाही.

संच चांगला आहे, पण तो बनवला गेला आजारी आणि वयस्क माणसांसाठी. 'आर्थिक व्यवहार मार्गी लागलेले असावेत' हा पत्ता शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीच्या हाती गेला की ती हसते. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला भेटण्याचा पत्ता बहुतेकांसाठी बाद, त्याजागी दोन लागतात: 'माझ्या घरच्या पद्धतीने विधी व्हावेत' आणि 'कोणतेही विधी नकोत'. खरी अडचण मात्र 'कुटुंबावर ओझं होऊ नये' या पत्त्याची. आपल्याकडे तो जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या तिनात येतो, आणि जो पत्ता सगळेच वर ठेवतात तो काहीच सांगत नाही. त्याचे तीन पत्ते करा: पैशाचं ओझं, सेवाशुश्रूषेचं ओझं, निर्णय घ्यायला लावण्याचं ओझं. लगेच गटात मतं फुटतात आणि बोलणं सुरू होतं.

मराठी संच स्वतःच्या गटापुरता घरीच करावा, तीनशे जीएसएमच्या जाड कार्डपेपरवर, एका ए-फोर कागदात आठ. विशीतल्यांसाठी चार-पाच पत्ते नव्याने घालावे लागतात: माझा फोन कुणी उघडावा आणि कुणी उघडू नये, माझं इन्स्टाग्राम खातं, माझ्या कुत्र्या-मांजराचं पुढे काय, नेत्रदान, आणि 'माझ्याबद्दलची एक गोष्ट घरी कधीच कळू नये'. हा शेवटचा पत्ता धोक्याचा आहे. ती गोष्ट काय, हे गटात विचारायचं नाही, हे आधीच सांगून ठेवायचं.

पत्त्यांतून व्यवहाराचे प्रश्न हमखास निघतात, तेव्हा चालवणाऱ्याला उत्तरं माहीत हवीत. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं आणि अर्ज भरलेला असला तरी ऐनवेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं. म्हणजे घरी न सांगता भरलेला अर्ज कागदच राहतो. उपचार कुठवर करावेत याचं पूर्वलिखित इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केलं आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. सज्ञान आणि शुद्धीवर असलेला कुणीही ते करू शकतो. गूगल खातं किती महिने वापरात नसेल तर कुणाला कळवायचं, हे तीन ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ठरवून ठेवता येतं. मुलांना यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त आवडते, हे सांगायला नको.

मिटण्याचं काय? पत्ते गोळा करून डबीत भरले की खेळ संपतो, पण मनातली रांग तशीच मांडलेली राहते. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवून दहातला एक पत्ता प्रत्येकाने कोऱ्या कार्डावर उतरवून घरी न्यावा आणि तो कुणाला दाखवणार ते नाव मागे लिहावं. एवढं केलं तर संच चालतो. न केल्यास तो एक रंजक पार्टी गेम.

'बिफोर आय डाय' भिंतीचं श्रेय कॅन्डी चँग या कलाकाराचं. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या एका ओसाड घराच्या भिंतीला तिने फळ्याचा रंग दिला आणि 'मरण्याआधी मला...' अशा अर्थाच्या अपुऱ्या ओळी स्टेन्सिलने छापून खडू ठेवले. पुढे जगभर अशा हजारो भिंती झाल्या. चारांतलं हे सर्वांत दिसणारं आणि सर्वांत उथळ साधन. वार्षिक महोत्सवात ठेवायला उत्तम, दृष्टिकोन समजून घ्यायला कच्चं.

मराठीत करताना पहिली ठेच भाषेची लागते. इंग्रजी वाक्यात गाळलेली जागा शेवटी येते, त्यामुळे वाक्य उघडं राहतं. आपण 'मरण्याआधी मला ____ आहे' असं छापतो आणि क्रियापदाने दार लावून घेतो. मग 'लडाखला जायचं', 'आईला विमानात बसवायचं' एवढंच त्यात मावतं. 'आहे' काढून टाका. आणि अर्ध्या ओळी 'मला'ऐवजी 'मी'ने सुरू करा. 'मला' म्हटलं की इच्छा येतात. 'मी' म्हटलं की माफी, कबुली, राहून गेलेलं असं काहीबाही यायला लागतं. एका शब्दाच्या फरकाने भिंतीचा नूर पालटतो.

बाकी तंत्र असं. फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा आणि वापरण्याआधी दोन दिवस तरी वाळू द्या. मग खडू आडवा धरून पूर्ण भिंत पांढरी करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे चुकवलं तर पहिल्या दिवशीचं लिखाण रंगात मुरतं आणि पुसलं तरी भुतासारखं दिसत राहतं (या विषयाला शोभतं म्हणा, पण दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही). देवनागरीला वरखाली मात्रा-उकार असतात, म्हणून दोन ओळींत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. सहा सेंटिमीटरमध्ये एकाचा उकार दुसऱ्याच्या वेलांटीत घुसतो. भिंत छपराखाली हवी.

पहिल्या तासात 'एम-थ्री सुटावं' (म्हणजे इंजिनीअरिंगचा गणिताचा पेपर) आणि कुणाच्या तरी क्रशचं नाव येणारच. नाव पुसा, एम-थ्री राहू द्या. चिंता वेगळ्याच ओळीची असते. 'मरण्याआधी मला काहीच नको' अशी, किंवा 'फार वेळ नाही' असं काही. लिहिणारा निनावी, त्यामुळे त्याला शोधता येत नाही. म्हणून भिंतीशेजारी, भिंतीइतक्याच ठळक अक्षरांत, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आणि कॉलेजच्या समुपदेशकांची बसायची वेळ लावलेली नसेल तर भिंत उभारूच नये. ही सोय हौसेची नाही. मिटण्याच्या कसोटीवर भिंत नापास: पावसाने किंवा शिपायाने पुसली की संपली.

डेथ कॅफे, म्हणजे खाता-पिता मरणाबद्दल मोकळेपणाने बोलायची बैठक, हे चौघांत सर्वांत प्रामाणिक. स्विस समाजशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रेटाझ यांनी २००४ मध्ये 'कॅफे मोर्तेल' सुरू केलं. त्यावरून जॉन अंडरवूड यांनी २०११ मध्ये लंडनमधल्या हॅक्नी भागात, स्वतःच्या घरी, पहिला डेथ कॅफे भरवला. अंडरवूड २०१७ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी अचानक गेले. पुढचं काम त्यांची आई आणि बहीण पाहतात. हे नाव कुणीही वापरू शकतं, अटी पाळल्या तर: नफा नाही, विषयपत्रिका नाही, कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे किंवा विक्रीकडे ढकलायचं नाही, बोललेलं बाहेर जायचं नाही. आणि खायला-प्यायला हवं, मुळात केक. शोकगट किंवा समुपदेशन हे तो नव्हे, असंही स्पष्ट म्हटलेलं आहे.

आपल्याकडचे बहुतेक आयोजक घसरतात ते इथे. 'डेथ कॅफे' असा बॅनर लावून आत चित्रं काढून घेतात, मृत्युलेख लिहून घेतात, शेवटी विमा किंवा ध्यानशिबिराची पत्रकं वाटतात. पत्रकं तर नकोतच, पण ठरवून दिलेली चित्रकलाही त्या नावाखाली बसत नाही. हातांना काम द्यायचं असेल तर कार्यक्रमाला दुसरं नाव द्या. आणखी एक अडचण वयाची. अनोळखी माणसांत डेथ कॅफे बहरतो. एकाच वर्गातल्या, एकाच होस्टेलच्या मुलांत तो आखडतो, कारण 'बाहेर जायचं नाही' याची हमी रात्री मेसमध्ये टिकत नाही. दोन-तीन कॉलेजांची मुलं मिसळून बसवली तर फरक पडतो. केकऐवजी चहा आणि खारी चालते. केक दिसला की या वयात वाढदिवसच आठवतो.

आता शाडू. हे कुणाचं ब्रँड नाही, खोका नाही, नियमावली नाही, आणि तरीही चौघांत पहिलं तेच. कारण त्यात मिटण्याची सोय मातीतच आहे.

माणशी अर्धा किलो मळलेली शाडू, खाली प्लॅस्टिक नव्हे तर गोणपाट किंवा जुनी चादर (प्लॅस्टिकवर माती घसरते आणि आवाज करते), दोघांत मिळून पाण्याची एकच वाटी. वाटी एकच का, याला कारण आहे. कला-उपचारात साधनं पातळ ते घट्ट अशी मोजतात. जलरंग, बोटांनी फासायचा रंग ही पातळ, त्यांनी भावना पटकन वाहते. पेन्सिल, कोलाज ही घट्ट, त्यांनी ताबा राहतो. माती मुळात प्रतिकार करते, दाबावी लागते, म्हणून मृत्यूसारख्या विषयाला ती बरी. पण तिच्यात पाणी ओतत गेलं की ती चिखल होते, माणूस नुसता फासत बसतो आणि सावरता येत नाही. कुणाचं काम चिखलाकडे निघालं तर वाटी हळूच बाजूला घ्यायची, टोकायचं नाही.

दोन बैठका लागतात. पहिली अडीच तासांची. सुरुवातीची वीस मिनिटं काहीच घडवायचं नाही, नुसतं मळायचं, डोळे मिटून. मग एकच सूचना: 'मरण म्हटल्यावर हाताला जे वाटतं ते करा, ओळखू आलं नाही तरी चालेल.' चाळीस मिनिटं, गप्पा बंद. 'मृत्यूची मूर्ती करा' असं म्हटलं तर दहापैकी सात जण कवटी, चिता किंवा रेड्यावरचा यम करतात. सूचनेतला एक शब्द चुकला की पुन्हा आयती वाक्यं, फक्त मातीतली. घडवून झाल्यावर दहा मिनिटं लेखन, त्या वस्तूच्या तोंडून: 'मी...'. मग ज्याला वाटेल त्याने वाचायचं. बाकीच्यांनी अर्थ लावायचा नाही, फक्त काय दिसतं ते सांगायचं: 'इथे भोक आहे', 'हा भाग गुळगुळीत केलाय'. 'म्हणजे तुला एकटं वाटतं का' असं कुणी सुरू केलं की थांबवा.

मातीऐवजी सरळ स्वतःचा मृत्युलेख लिहायला लावण्याची पद्धत फार प्रचलित आहे, ती मराठीत नीट चालत नाही. मुलं वर्तमानपत्रातला साचा उचलतात: अल्पशा आजाराने निधन, पश्चात आई, वडील, भाऊ असा परिवार. साच्यामागे लपायला जागाच जागा. त्यापेक्षा चौकातल्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फ्लेक्सचं चित्र काढायला सांगा. कोणता फोटो, खाली शोकाकुल म्हणून कुणाची नावं, कुणाचं मुद्दाम नको. या पिढीने मरण सर्वांत जास्त पाहिलंय ते त्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, त्यामुळे तिथे ती खरं बोलते.

पहिल्या बैठकीनंतर वस्तू सावलीत वाळत ठेवायच्या. उन्हात ठेवल्या तर बाहेरून आकसतात, आत ओल राहते आणि चिरतात. चिरलेली वस्तू पाहून एखाद्याला धक्का बसतो, म्हणून हे आधी सांगावं. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात अंगठ्याएवढ्या जाडीला चार-पाच दिवस, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात दहाही पुरत नाहीत. पूर्ण वाळणं आवश्यक आहे. ओली माती पाण्यात टाकली तर गोळा तासन्‌तास तसाच बसतो. खडखडीत वाळलेली टाकली तर बुडबुडे सोडत काही मिनिटांत पापुद्रे सुटायला लागतात. एकाच दिवसात सगळं उरकायला जाणारे नेमके इथे फसतात: बादलीभोवती दहा जण गंभीर चेहऱ्याने उभे, आणि वस्तू जागची हलत नाही. बाजारातली एअर-ड्राय क्ले, प्लॅस्टिसीन, प्लास्टर ऑफ पॅरिस यांतलं काहीही घेऊ नका, ती शाडूसारखी भरवशाने विरघळत नाहीत.

दुसरी बैठक दीड तासाची. प्रत्येकासमोर तीन वाटा: वस्तू घरी न्यायची, इथे कुणाला द्यायची, किंवा पाण्यात सोडायची. पाण्यासाठी पारदर्शक टब घ्या, विरघळणं दिसलं पाहिजे. याला विसर्जन म्हणू नका, गटात सगळ्या धर्मांची मुलं असतात आणि नसलीही तरी तो शब्द पुन्हा आयता आहे. अर्थात कुणीतरी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणणारच. हसू द्या. ते हसू पळवाट नसतं, मातीला निरोप कसा द्यायचा हे लहानपणापासून हातांना माहीत आहे, त्याची ती ओळख असते. घरी नेणारे आणि सोडणारे यांत डावं-उजवं करायचं नाही.

परिणाम मोजायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यासाठी बहुधा वोंग, रेकर आणि गेसर यांची १९९४ ची 'डेथ अ‍ॅटिट्यूड प्रोफाइल–रिव्हाइज्ड' ही प्रश्नावली वापरतात. ३२ विधानं, प्रत्येकाला एक ते सात गुण, पाच वेगळे भाग: भीती, टाळाटाळ, तटस्थ स्वीकार, मृत्यूनंतर चांगलं काही आहे म्हणून स्वीकार, आणि सुटका म्हणून स्वीकार. या पाचांची एकत्र बेरीज कधीच करायची नाही. अहवालात 'स्वीकार वाढला' असं आनंदाने लिहिलेलं असतं आणि वाढलेला असतो तो पाचवा भाग, म्हणजे 'जगण्याच्या त्रासातून सुटण्यासाठी मरण बरं'. विशीतल्या मुलात तो आकडा वर गेला तर ते यश नव्हे, त्याच दिवशी त्याच्याशी एकांतात बोलायचं कारण आहे. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. चौथ्या भागातली विधानं स्वर्गाच्या भाषेत आहेत, पुनर्जन्म मानणारी मुलं तिथे अडखळतात, तेव्हा त्या गुणांवर फार विसंबू नका.

आणखी एक चूक वेळापत्रकाची. मरणाचा विचार जागा झाला आणि थोडं लक्ष दुसरीकडे गेलं की माणूस आपल्या श्रद्धा, आपली माणसं जास्त घट्ट धरतो, असं मानसशास्त्रातले अनेक प्रयोग सांगतात. म्हणून मातीकाम, मग चहा, मग 'दहन की देहदान' असा परिसंवाद, हा क्रम म्हणजे भांडणाला आमंत्रण. चहानंतर चालणं, गाणं, काही अंगमेहनत ठेवा.

कुणाला घेऊ नये: गेल्या सहा महिन्यांत घरात मृत्यू झालेला असेल, अलीकडे जीव देण्याचा प्रयत्न झालेला असेल, तर गट नको, एकेकटी भेट हवी. दहा जणांना दोन चालवणारे, त्यांतला एक सतत मोकळा, कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जायला. आणि चालवणाऱ्याने स्वतःला थेरपिस्ट म्हणवू नये, प्रशिक्षण नसेल तर. भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी असते, कला-उपचारकांची वेगळी नसते, त्यामुळे चार दिवसांच्या प्रमाणपत्रावरही पाटी लागते. नाव विचारा, नोंदणी विचारा, अडचण आली तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता तेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर परत या.

राहता राहिला टबातला गाळ. तो बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका, शाडू पाइपात बसते आणि दगड होते. दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती जुन्या सुती फडक्यावर पसरून लोण्याइतकी घट्ट होऊ द्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. ती पुढच्या गटाला वापरता येते. वापरणार असाल तर पहिल्या गटाला तसं आधी सांगा, एखाद्याला नको असतं, त्याची माती वेगळी काढून कुंडीत टाका.